क्रूझवरच्या म्युझिकलला पोरांना न्यायचं का? नऊ वर्षं जहाजावर लाईट्स केलेल्या ठाणेकराचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही घोडबंदर रोडला राहता, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ बुक केलीय, बरोबर नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. जहाजावर रोज रात्री म्युझिकल शो असतात, एजंट म्हणतो "मॅडम, सगळं फॅमिली आहे", पण तुमच्या नणंदेने सांगितलं की तिकडे नाचणाऱ्यांचे कपडे बघवत नाहीत, मुलांना नेऊ नका. मग न्यायचं की नाही.

मी ठाण्याचाच, नौपाड्यातला. गडकरी रंगायतनला पोरवयात विंगेत उभा राहून दोर ओढले, मग नऊ वर्षं क्रूझवर लाईट टेक्निशियन होतो, सहा-सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दोन महिने घरी, परत जहाज. आता इथेच मुलांची नाट्यशिबिरं घेतो. म्हणजे शो मागून पण बघितलेत आणि मुलं पुढून पण बघितलीत. लाईट बूथ प्रेक्षकांच्या मागे असतो ना, तिथून अख्खं थिएटर दिसतं, कोण झोपलंय, कोण रडतंय, कोणाचे बाबा मध्येच उठून पोराला खांद्यावर टाकून निघालेत, सगळं.

आणि त्या नऊ वर्षांत जे बघितलं त्यावरून सांगतो, आईबापांना भीती असते कपड्यांची आणि चुंबनांची, आणि मुलं रडतात अंधाराला, धडाम् आवाजाला आणि झोपेला. कपड्यांमुळे रडत बाहेर गेलेलं एकही पोर मला आठवत नाही. मोठ्यांना जे अयोग्य वाटतं त्यातलं निम्मं चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातं, आणि मोठ्यांच्या लक्षातही येत नाही अशा गोष्टीने ते रात्रभर आईला चिकटून झोपतं.

आता एजंटच्या "सगळं फॅमिली आहे" बद्दल. आपल्याकडे सवय अशी की कोणीतरी आधी बघून शिक्का मारलेला असतो. पिक्चरला सेन्सॉरचं सर्टिफिकेट, त्यात आता यूए चे पण यूए ७+, १३+, १६+ असे तुकडे केलेत. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. जहाजावर असलं काही नसतं. जहाज बहामाज किंवा तसल्याच कुठल्या देशाच्या झेंड्याखाली चालतं, आणि शो मुलांना चालेल की नाही हे कंपनी स्वतःच ठरवते, म्हणजे विकणाराच परीक्षक. मोठ्या कंपन्या प्रामाणिकपणे लिहितात तसं, ॲपवर शोच्या खाली बारीक अक्षरात एखादी ओळ असते, पण ती ओळ वाचणारा माणूस मी फार कमी बघितला.

दुसरं म्हणजे "म्युझिकल आहे, गाणी आहेत, म्हणजे मुलांचं" हे डोक्यातून काढा. आपल्याला तर हे कळायला पाहिजे, संगीत नाटकवाले आपण. सौभद्र पण संगीत नाटक आणि एकच प्याला पण संगीत नाटक. सौभद्राला (१८८२ चं ते) आपल्या आज्या नातवंडांना मांडीवर घेऊन बसल्या, आता त्यात काय आहे बघायला गेलं तर मुलगी पळवायचा प्लॅन आणि खोटा संन्यासी, पण कोणाला काही वावगं वाटलं नाही. आणि गडकऱ्यांचं एकच प्याला, १९१९ चं, त्यातही पदं आहेत, सुरेल आहेत, पण सहा वर्षांच्या मुलाला दारूने घर उद्ध्वस्त होताना बघायला कोणी नेईल का? इंग्रजी म्युझिकलचं पण तेच.

जहाजावर तीन-चार प्रकारचे कार्यक्रम असतात आणि लोक सगळ्याला शोच म्हणतात, तिथेच घोळ होतो.

एक असतो त्यांचा स्वतःचा प्रॉडक्शन शो. पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, गोष्ट जवळपास नाही, जुन्या-नव्या गाण्यांची माळ, आठ-दहा नाचणारे, चार गाणारे, पिसं-टिकल्या-चमचम. नणंदबाईंनी बघितलेला बहुतेक हाच. कपडे तोकडे असतात हो, खोटं कशाला सांगू, पण आपल्याकडे लग्नाच्या संगीतात आणि टीव्हीवरच्या डान्स रिॲलिटी शोमध्ये पोरं जे बघतात आणि स्वतः नाचतात त्यापेक्षा वेगळं काही नसतं. उलट मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर बॉलिवूड शो असतात तिथे मी जास्त सांभाळून राहीन, कारण इंग्रजी गाण्यातला चावटपणा पोरांना कळत नाही, हिंदी आयटम साँगचा शब्द न् शब्द पाठ असतो आणि मग तो डायनिंग हॉलमध्ये मोठ्याने म्हणून दाखवला जातो, आजीसमोर.

दुसरा, लायसन्सवाला ब्रॉडवे शो. म्हणजे न्यूयॉर्क-लंडनमध्ये चाललेलं नाटक हक्क विकत घेऊन जहाजावर करतात. खरा विचार करायचा तो इथे, कारण याला गोष्ट असते. आणि एक आतली गोष्ट सांगतो, लायसन्सच्या करारामुळे जहाजावरचा डायरेक्टर आपल्या मनाने शब्द गाळू शकत नाही, परवानगी लागते. बऱ्याचदा लांबी कमी करून मध्यांतर काढून दीड तासात बसवतात पण तेही परवानगीनेच. त्यामुळे "जहाजावर आहे म्हणजे सोज्वळ करून घेतलं असेल" असं धरून चालू नका.

काही उदाहरणं देतो, जहाजं शो बदलत राहतात त्यामुळे तुमच्या जहाजाचं नाव आणि तारीख टाकूनच चेक करा.

मामा मिया रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या मोठ्या जहाजांवर झालंय. ॲबाची गाणी, ग्रीसचं बेट, लग्नघर, सगळं रंगीत. गोष्ट मात्र अशी की मुलीचं लग्न आहे, बाप कोण हे तिला माहीत नाही, आईची जुनी डायरी वाचून तीन पुरुषांना लग्नाला बोलावते. चार वर्षांचा नाचेल. नऊ वर्षांची विचारेल, तिच्या आईला कसं माहीत नाही? त्याचं उत्तर तयार ठेवा, बाकी शो मस्त आहे. मी एका आईला सांगितलं होतं की "तिला तिचे बाबा शोधायचेत" एवढंच सांगा, आणि ते पुरलं. मूल विचारतं तेवढंच सांगायचं, पुढचं आपणच घाबरून सांगून बसतो.

ग्रीस, हे त्यांच्याच हार्मनी ऑफ द सीज आणि इंडिपेंडन्स ऑफ द सीजवर होतं. शाळेतली मुलंमुली, म्हणून लोकांना वाटतं शाळेतल्या मुलांचं. त्यात सिगरेट, दारू, आणि एका मुलीला दिवस गेलेत की काय ही शंका. इथे माझी एक युक्ती सांगतो. अमेरिकेत बऱ्याच म्युझिकल्सची शाळांसाठी वेगळी स्कूल व्हर्जन निघते. त्यात काय काढलंय ते बघायचं, म्हणजे मूळ शोमध्ये काय आहे ते आपोआप कळतं. ग्रीसच्या शाळेच्या आवृत्तीत सिगरेट-दारू काढलीय आणि ती दिवस गेल्याची सगळी भानगडही काढलीय. पाच मिनिटं गुगल केलं की झालं.

हेअरस्प्रे, २००९ ला ओॲसिस ऑफ द सीज आलं तेव्हा त्यावर होतं, नंतर सिम्फनीवर. हे मला मुलांसाठी सगळ्यात आवडतं. १९६२ चं बाल्टिमोर, एक जाडी मुलगी टीव्हीवर नाचायला जाते आणि गोऱ्या-काळ्यांना एकत्र नाचू का देत नाहीत म्हणून भांडते. तुमच्या मुलीला व्यवस्थित कळेल, वर्गात कोणाला तरी जाडी म्हणून चिडवलेलं तिने बघितलंच असेल. हिरॉइनच्या आईचं काम सुरुवातीपासून पुरुष नटच करत आलेत, त्यावर परदेशी आजोबा-आज्यांपेक्षा आपल्या सासूबाई कमी दचकतील बघा, बालगंधर्वांचे फोटो घरात लावणारी पिढी ती.

शिकागो अल्युअर ऑफ द सीजवर होतं ते जहाज नवीन आलं तेव्हा. सुरुवातीलाच बाई प्रियकराला गोळी घालते, मग तुरुंग, वकील, पैसा. नाच अप्रतिम. दोन्ही मुलांना नको, चर्चाच नको. जर्सी बॉइज नॉर्वेजियन ब्लिसवर होतं, २०१८ पासून, ते पण नको, आणि याचं उदाहरण मुद्दाम देतोय कारण फसगत इथेच होते, गाणी साठच्या दशकातली गोड गोड, पोस्टरवर सुटातले चार पोरगे, आणि संवादात शिव्यांची लाखोली. यावरून निघालेल्या पिक्चरला अमेरिकेत आर रेटिंग (सतराच्या आतल्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही) मिळालं ते भाषेसाठीच. म्हणून दुसरी युक्ती, त्याच गोष्टीवर पिक्चर निघाला असेल तर त्याचं रेटिंग बघा. स्टेज आणि पिक्चर तंतोतंत सारखं नसतं, पण कोणत्या बाजूने सावध राहायचं ते कळतं.

आणि आता उलटी गंमत. कागदावर एकदम सोज्वळ असलेले शो. कॅट्समध्ये गोष्ट जवळपास नाहीच, मांजरं आपापली ओळख करून देतात, शिवी नाही, काही नाही. पण ती मांजरं अंधारात प्रेक्षकांच्या मधून सरपटत येतात. चार वर्षांच्या मुलाच्या खुर्चीच्या हाताशी अचानक रंगवलेलं तोंड आणि चमकणारे डोळे, आणि त्याला वाटतं ही आपल्यालाच न्यायला आली. आणि लांब आहे, नऊ वर्षांची तासाभरानंतर "अजून किती मांजरं राहिलीत" विचारेल. तसंच आयकॉन ऑफ द सीजवरचं विझर्ड ऑफ ओझ, २०२४ चं, मुलांचीच गोष्ट, पण चेटकीण आणि उडणारी माकडं आहेत.

यासाठी माझं मोजमाप एकदम देशी आहे. मुलाने अलबत्या गलबत्या बघितलंय का? आणि त्यातली चेटकीण आल्यावर काय केलं? हसला, ओरडला, "येऊ दे तिला" म्हणाला, तर जहाजावरचं काहीही झेपेल. आईच्या ओढणीत तोंड घातलं तर भीतीच्या शोला मागची रांग नाहीतर सरळ रद्द. आणि मुलगा अजून एकदाही नाट्यगृहात गेला नसेल, तर पहिला अनुभव जहाजावर देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. जायच्या आधी एक रविवार घाणेकरला किंवा गडकरीला एखादं बालनाट्य दाखवा. तिसरी घंटा, मग अंधार, मग पडदा, हे सगळं त्याला एकदा कळू दे. तिकडे समुद्र नवा, खोली नवी, जेवण नवं, भाषा नवी, त्यात अंधारही नवा नको.

आवाजाचं बोलतो कारण हे कोणी विचारतच नाही. शो चालू असताना आमच्या मीटरवर ९० ते ९५ डेसिबल सहज दिसायचं, शेवटच्या गाण्याला वर. कामगारांसाठी जो नियम धरतात त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला एकच तास, आणि हे मोठ्या माणसाच्या कानाचं. पन्नास मिनिटांच्या एका शोने कान जात नाहीत, पण चार रात्री लागोपाठ, दिवसा पूलच्या डीजेजवळ, असं नको. लहान मुलांचे इअरमफ मिळतात ऑनलाइन, घ्या एक. आणि स्टेजच्या दोन्ही कडेच्या स्पीकरसमोरची पहिली रांग सोडा, लोक जाऊन तिथेच बसतात पोरांना नीट दिसावं म्हणून. एकदा शेवटच्या गाण्याला कागदी फुलांची तोफ उडाली, आम्हाला रोजचीच, आणि पहिल्या रांगेतला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा असा किंचाळला की गाणारी दोन ओळी विसरली. बाहेर दारावर पाटी होती की मोठे आवाज होतील, पण पाटी इंग्रजीत, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि तिच्यासमोर पॉपकॉर्नवाला उभा. त्या बापाने नंतर तक्रार केली ती कशाची माहितीय? नाचणाऱ्या मुलींच्या कपड्यांची.

स्ट्रोब लाईट, म्हणजे तो भराभर चमकणारा पांढरा उजेड, माझंच खातं. कोणाच्या मुलाला कधी फिट आली असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन विचारा की कोणत्या शोमध्ये स्ट्रोब आहे, आम्हाला अशी विचारणा यायची आणि आम्ही नेमकं कोणतं गाणं ते सांगायचो. फिट येणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्क्यांनाच चमकत्या उजेडाचा त्रास होतो पण त्यात मुलं आणि टीनएजर जास्त. अचानक चालू झालाच तर डोळे मिटून उपयोग नाही, पापण्यांतून उजेड आत जातो, एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवायचा आणि तोंड फिरवायचं. तुमच्या मुलांना तसं काही नाही असं धरतो.

वेळ. इथे सिंगापूरहून जाणाऱ्यांना एक फायदा आहे, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री नऊचा शो म्हणजे मुलांच्या पोटातल्या घड्याळात साडेसहा. झोप नाही येणार, भूक लागेल, त्यामुळे आधी काहीतरी खायला घाला. पण पहिल्या रात्री हे गणित चालत नाही, कारण तुम्ही मुंबईहून रात्रीच्या विमानाने गेलेले असाल, अर्धी झोप, मग चेक-इनची रांग, मग सेफ्टी ड्रिल, पोरं रडकुंडीला आलेली असतात. पहिल्या रात्रीचा शो सोडा. बऱ्याच जहाजांवर तो नुसता वेलकम शो असतो, झलक असते, काही चुकत नाही.

बसायचं कुठे, तर मागे आणि कडेला. एक कारण पटकन उठता यावं. दुसरं कारण जहाजाचं. मोठं थिएटर बहुतेक जहाजांवर अगदी पुढच्या टोकाला असतं, आणि पुढचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं. मागच्या रांगा जहाजाच्या मध्याकडे येतात, तिथे कमी हलतं. पोटात ढवळणं दोन ते बारा या वयात जास्त होतं, म्हणजे तुमची दोन्ही त्यात बसतात. गोळी द्यायची का आणि किती ते इथूनच डॉक्टरला विचारून जा. बाल्कनीची पहिली रांग छान वाटते पण छोट्याच्या डोळ्यासमोर नेमकी कठड्याची दांडी येते, मग तो उभा राहतो, मग आपला जीव वरखाली.

आणि मध्येच उठून जायची लाज बाळगू नका. आपल्याकडे प्रयोग चालू असताना उठणं म्हणजे नटाचा अपमान अशी शिकवण आहे, मलाही आहे, पण जहाजावर लोक दारूचे ग्लास घेऊन येतात-जातात, कोणी वळून बघत नाही. माझा नियम, पहिली दहा मिनिटं. दहा मिनिटांत मूल खुर्चीत पुढे सरकून बसलं तर राहायचं, मागे सरकून तुमच्या कुशीत आलं तर चला आइस्क्रीम खायला.

जिथे खरंच सांभाळायला पाहिजे ती जागा वेगळीच आहे. उशिराचे कार्यक्रम. कॉमेडियन बहुतेक दोन शो करतो, लवकरचा सगळ्यांसाठी आणि उशिराचा फक्त १८ वरच्यांसाठी, कार्निव्हलच्या जहाजांवर तर हे ठरलेलंच आहे. नाव तेच, माणूस तोच, वेळ बघा. आणि दुसरं ते नवरा-बायकोचं प्रश्नोत्तर, स्टेजवर तीन-चार जोडपी बोलावतात आणि विचारतात. दिसायला होम मिनिस्टर, पण पैठणीऐवजी बेडरूमचे प्रश्न. मी ते शो लाईट करताना मान खाली घालून केलेत. सासूबाई आणि मुलांना घेऊन सहज म्हणून आत शिराल आणि मग रांगेच्या मधून बाहेर पडता येणार नाही. तुम्ही म्युझिकलची काळजी करताय, मी याची केली असती.

छोट्यासाठी सगळ्यात बेस्ट, जहाजावर आइस रिंक असेल तर आइस शो. समुद्रावर पहिली आइस रिंक आणली ती व्हॉयेजर ऑफ द सीजने, १९९९ मध्ये. संवाद नाहीत, भाषा नको, पाऊण तासात खेळ खल्लास, आणि दुपारचे खेळ पण असतात. जागा लवकर संपतात, ॲपवर आधी बुक करा.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. पहिली रात्र आराम. दुसऱ्या रात्री प्रॉडक्शन शो, सगळे पाच जण, मागची रांग, दहा मिनिटांचा नियम. ब्रॉडवे शो असेल आणि वरच्या दोन युक्त्यांत पास झाला असेल तर मुलगी, तुम्ही आणि सासूबाई, छोट्याला बाबांबरोबर किड्स क्लबला नाहीतर पूलवर (किड्स क्लब साधारण तीन वर्षांपासून घेतात, डायपर सुटलेला पाहिजे). प्रत्येक शो प्रत्येकाने बघायलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय, पैसे भरलेत म्हणून पाच जणांनी एकाच रांगेत बसायचं हा आपला हट्ट असतो. मुलीला जेवताना गोष्ट मराठीत सांगून ठेवा, कोण कोणाची कोण, नाहीतर ती अख्खा शो "आई, ही कोण" विचारत बसेल आणि दोघींनाही काही बघता येणार नाही. मोबाईलवर शूटिंग करू देत नाहीत, लायसन्सवाल्या शोला तर अजिबात नाही, तिला आधीच सांगा.

आणि स्वेटर. थिएटरचा एसी असा असतो की मे महिन्यातल्या ठाण्याचा माणूस पण कुडकुडतो, सासूबाईंसाठी शाल वेगळी घ्या, छोट्याने त्यांची घेतली तर त्या अख्खा शो हात चोळत बसतील आणि तुम्हाला सांगणार नाहीत.